कुठल्या देशात गाडीत काय बघतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाड्यांवर लिहितो म्हणून येणाऱ्या मेसेजपैकी अर्धेअधिक "कुठली घेऊ" असेच असतात. पण एक विषय वेगवेगळ्या लोकांकडून परत परत येतो, की तिकडचे लोक असल्या गाड्या का घेतात आणि आपण अशा का घेतो. कुणी नोकरीसाठी बाहेर गेलेलं असतं, कुणाचा भाऊ तिकडे असतो. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केलेत, नंबर दिलेत म्हणजे एकच गोष्ट दोनदा लिहावी लागणार नाही.

१. देशागणिक गाडीची आवड बदलते हे खरंच आहे का, की नुसता समज?

खरंच बदलते, पण "त्या लोकांचा स्वभावच तसा" हे उत्तर मला पटत नाही. सरकार टॅक्स कशावर लावतं, रस्ते कसे आहेत, रात्री गाडी कुठे लावायची आणि गाडीत मानाची सीट कुठली, एवढं विचारलं की बहुतेक कोडी सुटतात. आवड नंतर तयार होते आणि एकदा अंगवळणी पडली की कारण गेलं तरी ती राहते. फ्रान्सचं बघा, १९३० च्या दशकात सित्रोएनचे प्रमुख पिएर-ज्यूल बूलांजे यांनी इंजिनिअर लोकांना सांगितलं की शेतकऱ्यासाठी स्वस्त गाडी करा, तिच्यात बटाट्याचं पोतं मावलं पाहिजे आणि नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी एक अंडं फुटता कामा नये. ती टू-सीव्ही १९४८ ला पॅरिसच्या प्रदर्शनात आली आणि १९९० पर्यंत बनत राहिली. फ्रेंच गाडी म्हटलं की लोकांना आजही मऊ सस्पेन्शन आठवतं, त्याची मुळं त्या शेतातल्या रस्त्यांत आहेत.

२. आपल्याकडे सगळे आधी "अ‍ॅव्हरेज किती देते" हेच का विचारतात?

कारण पगाराच्या मानाने पेट्रोल आपल्याकडे महाग आहे, आणि गाडी एकदा घेतली की महिन्याला दुखणारा खर्च तोच असतो. याला कंजूषपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, घरखर्चात बसवून गाडी चालवणाऱ्या माणसाचा तो सगळ्यात शहाणा प्रश्न आहे. फक्त ब्रोशरमधला आकडा जशाच्या तसा धरू नका, तो आपल्या पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेत रोलरवर गाडी ठेवून ठरलेल्या पद्धतीने मोजलेला असतो, त्यात कात्रजचा घाटही नसतो आणि हिंजवडीचं ट्रॅफिकही नसतं.

आपल्या आवडीवर दुसरा मोठा हात टॅक्सचा. २००६ च्या बजेटमध्ये ४ मीटरच्या आत लांबी आणि लहान इंजिन असलेल्या गाड्यांना कमी एक्साइज लागला, तिथपासून कंपन्यांनी सेडानची डिकी कापून कापून ४ मीटरच्या आत बसवली आणि मग त्याच मापात उंच एसयूव्ही आणल्या. सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटीतही तीच रेघ आहे: ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के, त्याच्या वर गेलं की ४० टक्के. ग्राउंड क्लिअरन्स, जोरदार एसी, दणकट हॉर्न आणि रिसेल या मागण्या आपल्या रस्त्यांतून आणि उन्हातून आल्यात. सनरूफचं मात्र मला पटत नाही, मे महिन्यात नागपूरला डोक्यावर काच कशाला हवी?

३. जपानमध्ये डब्यासारख्या चौकोनी छोट्या गाड्या का दिसतात? श्रीमंत देश आहे ना?

त्यांना केई कार म्हणतात आणि हा माझा सगळ्यात आवडता विषय आहे. कायद्याने माप ठरलेलं आहे: लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची २ मीटर आणि इंजिन ६६० सीसी. पॉवर ६४ पीएसच्या वर न्यायची नाही हे कंपन्यांनी आपसात ठरवून पाळलंय. नंबर प्लेट साधारण पिवळी. बदल्यात टॅक्स कमी, इन्शुरन्स कमी, आणि मोठा फायदा पार्किंगच्या नियमात. जपानमध्ये बऱ्याच ठिकाणी साधी गाडी घ्यायची असेल तर घरापासून २ किलोमीटरच्या आत पार्किंगची जागा आहे असा दाखला आधी आणावा लागतो, केई कारला ग्रामीण भागात बहुतेक ठिकाणी ही अट नाही आणि शहरात नुसती नंतर नोंद करावी लागते.

लांबी-रुंदी बांधलेली आहे म्हटल्यावर उरली उंची, म्हणून गाड्या वर वाढल्या आणि डब्यासारख्या दिसायला लागल्या. पण आत बसून बघा. सरकते दरवाजे, सपाट फ्लोअर, मागची सीट घडी करून सायकल उभी ठेवता येते, आजीला वाकावं न लागता आत बसता येतं. जपानी गिऱ्हाईक तिथे जागेचा कोपरा अन् कोपरा वापरलाय का, दरवाजा शेजाऱ्याच्या गाडीला न लागता उघडतो का, अशा गोष्टी बघतं. नवीन विकल्या जाणाऱ्या गाड्यांत एकतृतीयांशाहून जास्त केई असतात आणि होंडाची एन-बॉक्स वर्षानुवर्षं खपाच्या यादीत वरती आहे. म्हणजे ही गरिबाची गाडी म्हणून घेतली जात नाही, जागा कमी असलेल्या देशात ती नीट विचार करून घेतली जाते.

आपल्याशी नातंही जवळचं आहे. मारुती ८००, १९८३ मध्ये आलेली, सुझुकीच्या याच कुळातली, फक्त जपानमध्ये तेव्हा ५५० सीसीची मर्यादा होती आणि आपल्याकडे ७९६ सीसीचं इंजिन आलं. वॅगन आर पण १९९३ ला जपानमध्ये केई म्हणून जन्मली, १९९९ ला आपल्याकडे मोठ्या इंजिनसकट आली.

४. मग त्या केई गाड्या जशाच्या तशा भारतात का आणत नाहीत?

कारण इथे ६६० सीसीला वेगळी सवलत नाही. प्रश्न २ मध्ये दिलेली रेघ १२०० सीसीला आहे, त्यामुळे ६६० सीसीची गाडी आणली तरी टॅक्स अल्टोएवढाच, मग गिऱ्हाईक म्हणणार त्याच पैशात मोठं इंजिन मिळतंय की. शिवाय सरकते दरवाजे, टर्बो हे सगळं घातलेली केई कार जपानमध्येसुद्धा स्वस्त नसते. आणि आपल्याकडे पाच माणसं आणि चार बॅगा घेऊन लोणावळ्याचा घाट चढायचा असतो, केई कारमध्ये तर कायद्याने चारच माणसं बसतात.

५. माझा मेहुणा टेक्सासमध्ये आयटीत आहे, शेतीचा संबंध नाही, तरी एवढा मोठा पिकअप घेऊन बसलाय. का?

आजूबाजूला सगळ्यांकडे तोच आहे म्हणून, आणि तिथे ते सोयीचंही आहे म्हणून. फोर्डचे एफ-सीरिज पिकअप १९७७ पासून अमेरिकेतले सगळ्यात जास्त खपणारे ट्रक आहेत. रस्ते रुंद, पार्किंग मोकळं, पेट्रोल युरोपच्या मानाने बरंच स्वस्त. पण मागे एक जुनी भानगड पण आहे. १९६० च्या दशकात युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात लावली, त्याच्या उत्तरात अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात बसवली, ती १९६४ पासून लागू आहे. युरोपातल्या व्हॅननी तिथेच मार खाल्ला आणि पिकअपचं मार्केट घरच्या कंपन्यांना जवळपास मोकळं राहिलं, मग त्यांनी सगळा पैसा आणि जाहिरात तिकडेच लावली. मायलेजचे सरकारी नियमही ट्रकला कारपेक्षा सैल होते.

तिथला माणूस "लागलं तर असावं" या विचाराने गाडी घेतो. वर्षातून दोनदा बोट ओढायची, एकदा सोफा आणायचा, पण ते आपल्या गाडीत जमलं पाहिजे, कुणाकडे मागायला नको. आणि तासन् तास गाडीत बसायचं असतं म्हणून कपहोल्डर. सुबारूच्या असेंट या मॉडेलमध्ये १९ कपहोल्डर आहेत, सीट आठ!

तिथल्या आपल्या मराठी घरांत मात्र दुसरीच गाडी जास्त दिसते, ओडिसी किंवा सिएनासारखी मिनीव्हॅन. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात, प्रत्येकाच्या २३ किलोच्या दोन बॅगा, त्यात लोणची, मसाले, भाजणी, हे सगळं एका खेपेत एअरपोर्टवरून घरी आणायचं म्हटल्यावर मिनीव्हॅनला पर्याय नाही. मेहुण्याला सांगा, सासूबाई पिकअपमध्ये चढणार कशा याचा विचार करून ठेव.

६. जर्मन लोक एवढे स्पीडवाले असतात का? आणि मग स्टेशन वॅगन का घेतात?

ऑटोबानच्या, म्हणजे तिथल्या हायवेच्या, बऱ्याच भागावर स्पीड लिमिट नाही, १३० ची फक्त शिफारस आहे. तिथे १८० ने जाताना स्टिअरिंग हलकं लागलं, वाऱ्याने गाडी सरकली किंवा ब्रेक कमी पडला तर जीवच जाईल, त्यामुळे जर्मन गिऱ्हाईक आधी ब्रेक, टायर आणि घट्ट सस्पेन्शन बघतं. उजवीकडून ओव्हरटेक करायला बंदी आहे (तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात हे लक्षात घ्या), शिस्त कडक, म्हणून तो स्पीड चालतो. सीट कडक असतात त्यामागेही लांबचा प्रवास आहे.

स्टेशन वॅगन, म्हणजे त्यांच्या भाषेत कोम्बी, आपल्याकडे कधी चालली नाही कारण आपल्याला ती शववाहिनीसारखी किंवा टेम्पोसारखी वाटते, पण जर्मनीत कुत्रा, बाबागाडी, स्कीइंगचं सामान सगळं त्यात जातं आणि गाडी जमिनीलगत असल्यामुळे स्पीडला स्थिर राहते. बऱ्याच जणांना ती नोकरीतल्या कंपनीकडून मिळालेली असते, त्यामुळे महागडी मॉडेल रस्त्यावर जास्त दिसतात. माझ्या मते डोंगरदऱ्यांत न जाणाऱ्या कुटुंबासाठी कोम्बी एसयूव्हीपेक्षा चांगली आहे, पण हे मी कितीदा सांगितलं तरी इथे कुणी ऐकत नाही.

७. चीनमध्ये ऑडी, मर्सिडीज लांब करून का विकतात?

कारण तिथे मागची सीट मानाची. पैसेवाला माणूस ड्रायव्हर ठेवतो, किंवा स्वतः चालवतो पण आई-वडील, सासू-सासरे मागे बसतात, आणि ते अवघडून बसले तर बघणाऱ्याला बरं दिसत नाही. म्हणून ऑडी ए-सिक्सची ए-सिक्स एल झाली, आणि मग इतरांनाही तेच करावं लागलं. अलीकडच्या चिनी इलेक्ट्रिक गाड्यांत तर मागे छोटा फ्रिज, पडदा आणि पाय पसरायची सीट येते.

आपल्याला हे ओळखीचं वाटेल. मर्सिडीजने २०१७ मध्ये लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) ई-क्लास उजव्या स्टिअरिंगसकट भारतात आणली, बनते आपल्या चाकणला, आणि मागे बसणाऱ्या मालकांमुळेच ती एवढी चालली. जपानमध्येही मागच्या सीटचा मान आहे, पण रीत निराळी. टोयोटाची सेंच्युरी ही तिथल्या बड्या लोकांची गाडी, तिच्यात लेदरपेक्षा लोकरीच्या कापडाच्या सीटना पसंती असते, कारण कापड आवाज करत नाही आणि थंडीत गार लागत नाही. लेदर म्हणजेच लक्झरी असं धरून बसलेल्या आपल्या शोरूमवाल्यांनी हे जरूर वाचावं.

८. ऑटोमॅटिक की गिअर? बाहेर जाणार आहे, लायसन्सचा काही घोळ होतो का?

होऊ शकतो. अमेरिकेत नवीन गाड्यांत गिअरवाली शंभरात एक-दोन, त्यामुळे तिथे प्रश्नच येत नाही. इंग्लंडमध्ये टेस्ट ऑटोमॅटिकवर दिली तर लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं मिळतं, जपानमध्ये १९९१ पासून असं वेगळं लायसन्स आहे. जर्मनीतही पूर्वी असंच होतं, २०२१ पासून ऑटोमॅटिकवर टेस्ट देऊनही गिअरचं लायसन्स मिळवायची सोय झालीये, त्यासाठी गिअरच्या गाडीवर थोडे तास आणि ड्रायव्हिंग स्कूलमधली छोटी चाचणी करावी लागते. युरोपात जाणाऱ्यांना माझा सल्ला, क्लच दाबायची सवय मोडू देऊ नका, भाड्याच्या गाड्या बऱ्याचदा गिअरच्याच स्वस्त मिळतात.

९. सेफ्टीचा विचार फक्त युरोपातच होतो का?

तिथे आधी झाला. व्होल्व्होच्या निल्स बोहलिनने १९५९ मध्ये तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट आणला आणि कंपनीने पेटंट सगळ्यांना वापरू दिलं. स्वीडनमध्ये रस्त्यावर अचानक मूस, म्हणजे घोड्याएवढं हरीण आडवं येतं, म्हणून तिथले पत्रकार गाडी झटकन वळवून बघतात. १९९७ ला त्या टेस्टमध्ये मर्सिडीजची नवी ए-क्लास उलटली आणि कंपनीला गाडी सुधारून द्यावी लागली.

आपल्याकडे २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सेफ्टी तपासणाऱ्या संस्थेने भारतीय गाड्या आदळून दाखवल्या आणि लोकप्रिय मॉडेलना शून्य स्टार मिळाले, तेव्हा लोक पहिल्यांदा हलले. २०१८ च्या अखेरीस टाटा नेक्सॉनला पाच स्टार मिळाले आणि मग जाहिरातीत स्टार यायला लागले, ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची तशीच चाचणी सुरू झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचं अपघाती निधन झालं, ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं होतं. तेव्हापासून मागच्या बेल्टबद्दल मला प्रश्न यायला लागले. स्टार बघून गाडी घ्यायची आणि मागे मुलांना बेल्टशिवाय उभं करायचं, हे कृपा करून करू नका.

१०. नॉर्वेत एवढ्या थंडीत सगळे इलेक्ट्रिक कसे घेतात?

टॅक्समुळे. पेट्रोल गाडीवर जबर कर आणि इलेक्ट्रिकला २००१ पासून २५ टक्के व्हॅट माफ (२०२३ पासून महागड्या गाड्यांना काही प्रमाणात लागतो), शिवाय बस लेनमधून जायची मुभा मिळाली होती. २०२४ मध्ये नवीन विकलेल्या दहा गाड्यांत जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या. थंडीत रेंज कमी होते हे खरंय, पण घरी चार्जर असतो आणि निघायच्या आधी गाडी प्लगवर असतानाच गरम करून घेतात. तिथे लोक सीट हीटर आणि ट्रेलर ओढायची ताकद विचारतात. चीनमध्ये कारण वेगळं, बीजिंगला २०११ पासून नंबर प्लेटसाठी लॉटरी आहे आणि शांघायमध्ये लिलाव, इलेक्ट्रिकला त्यात मोठी सूट मिळत आली.

११. नंबर, रंग, गाडीची पूजा... हे फक्त आपल्याकडेच का?

अजिबात नाही. दुबईत एप्रिल २०२३ ला "पी ७" हा नंबर साडेपाच कोटी दिऱ्हमला गेला, म्हणजे १२० कोटी रुपयांच्या वर, आणि पैसा अन्नदानाच्या कामाला दिला. जपानमध्ये ४२ आणि ४९ ने संपणारे नंबर सहसा देत नाहीत, उच्चार मरणाशी जुळतो म्हणून. थायलंडमध्ये जन्मवारानुसार गाडीचा रंग बघतात आणि आरशाला फुलांची माळ असते.

आपल्याकडे दसऱ्याला गाडी घरी आली पाहिजे, झेंडूची माळ, नारळ, चाकाखाली लिंबू. आणि आरटीओत नंबरसाठी लाखांत फी भरणारे आहेतच, इंग्रजी आकड्यांत चार-एक-चार-एक घेतला की "दादा" वाचता येतं आणि दोन-एक-चार घेतला की "राम". मात्र आकडे वाकवून अक्षरं काढायला कायद्याने परवानगी नाही आणि नव्या एचएसआरपी प्लेटवर ते करताही येत नाही, तेवढ्यासाठी पैसे भरायचे का ते आधी ठरवा.

१२. न्यूझीलंडला आलोय, स्वस्तात जपानी सेकंडहँड घेतली, रेडिओवर स्टेशनच लागत नाहीत. फसवलं का?

नाही, गाडी ठीक आहे. जपानचा एफएम बँड ७६ पासून सुरू होतो आणि ९० ते ९५ च्या आसपास संपतो, न्यूझीलंडची स्टेशनं ८८ ते १०८ मध्ये आहेत. बँड एक्सपांडर नावाचा छोटा डबा बसवून मिळतो. जपानमध्ये नव्या गाडीची सरकारी तपासणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी होते, ती खर्चिक असते म्हणून लोक चांगल्या गाड्याही विकून टाकतात. त्या डावीकडून चालणाऱ्या देशांत जातात, केनियात सुद्धा, तिथे आठ वर्षांपेक्षा जुनी आणता येत नाही. नैरोबीतला माणूस गाडी घेताना पार्ट गावात मिळतो का हे आधी विचारतो. आपल्या तालुक्याच्या गावात मारुती का खपते त्याचं हेच उत्तर आहे.

१३. तुमचा टॅक्स-रस्ता-पार्किंगचा हिशोब कधी चुकतो का? जिम्नीचं काय झालं?

छान अडवलंत. मारुती सुझुकीची पाच दरवाजांची जिम्नी जून २०२३ मध्ये भारतात आली, कौतुक खूप झालं आणि विक्री थंड राहिली. हीच गुरुग्रामला बनणारी गाडी जानेवारी २०२५ मध्ये जपानमध्ये "जिम्नी नोमाड" म्हणून जाहीर झाली आणि चार दिवसांत जवळपास ५०,००० ऑर्डर आल्या, कंपनीला बुकिंग थांबवावं लागलं. इथला निम्मा हिशोब बसतो: लांबी ४ मीटरच्या आत असूनही इंजिन १५०० सीसी पेट्रोल, म्हणजे सवलत नाही, डिकी लहान, आणि त्या पैशात मोठी गाडी मिळते. पण जपानमधल्या रांगेला टॅक्सचं कारण पुरत नाही, ही तर केईच्या मापातही बसत नाही. तिथे जिम्नी १९७० पासून आहे, बर्फातल्या गावांत डॉक्टर, लाकूडतोडे, पोस्टमन वापरत आलेत, आणि पाच दरवाजांची जिम्नी लोक कित्येक वर्षं मागत होते. काही गाड्यांवर नुसतं प्रेम असतं, ते कुठल्याच रकान्यात बसत नाही आणि बसवूही नये.

१४. मी म्युनिकला असतो, साताऱ्यात आई-बाबांसाठी गाडी घ्यायचीये. तिकडे आवडलेलं मॉडेल इथे मिळतंय, तेच घेऊ का?

तुम्हाला ते का आवडलं ते आधी बघा. प्रश्न ६ मधली कडक सीट आणि खाली बसलेली गाडी तुमच्यासाठी बरोबर आहे, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली बसून परत उठायचं म्हणजे शिक्षा. साताऱ्यात सीट कमरेच्या उंचीला हवी, दरवाजा रुंद उघडायला हवा, मागे एसीचं तोंड हवं, आणि बाबा स्वतः चालवणार असतील तर ऑटोमॅटिक. सहा एअरबॅग आणि स्टार बघा, यात तडजोड नको. व्हिडिओ कॉलवर फीचर दाखवून निर्णय घेऊ नका, बहीण किंवा शेजारचं कुणी सोबत देऊन दोघांना शोरूमला पाठवा, दोघांनी पुढे-मागे चार-चार वेळा बसून उतरून बघू दे. सर्व्हिस सेंटर साताऱ्यातच आहे का ते फोन करून विचारा, पुण्याला न्यावी लागत असेल तर कितीही चांगली असली तरी सोडून द्या, कारण तुम्ही तिकडे असताना प्रत्येक सर्व्हिसिंगला बाबांना खंबाटकी ओलांडून जावं लागणार.